कंपनीचा नवा लॅपटॉप पहिल्या सेटअपमध्येच एनरोल होत नाही : तपासणी कुठून सुरू करावी

विंडोज ऑटोपायलट (नवा लॅपटॉप पहिल्या सेटअपमध्येच कंपनीशी जोडणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) आणि इंट्यून (लॅपटॉपवर कंपनीची धोरणे लावणारी सेवा) वापरणाऱ्या आयटी विभागाकडे एक तक्रार ठरावीक काळाने परत येते. नवा लॅपटॉप कुरिअरने कर्मचाऱ्याच्या घरी पोहोचतो, तो चालू होतो, सेटअपही पूर्ण होतो, पण तो एनरोल होत नाही, म्हणजे इंट्यूनच्या यादीत दिसत नाही, किंवा दिसतो तेव्हा त्यावर कंपनीची धोरणे लागू झालेली नसतात. हा दोष वारंवार दुरुस्त केल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की त्याचे कारण बहुधा लॅपटॉपमध्ये नसते. ते लॅपटॉप खोक्यातून बाहेर येण्याआधीच्या नोंदींमध्ये असते. त्यामुळे खालचा क्रम बसल्या जागी ब्राउझरमधून करता येणाऱ्या तपासण्यांपासून सुरू होतो, आणि रिसेट, नवी नोंद, मदरबोर्ड अशा वेळखाऊ गोष्टी शेवटी येतात.

लक्षणे

योग्य मार्गाने चाललेला लॅपटॉप कसा दिसतो, हे आधी डोळ्यांसमोर असावे. देश, कीबोर्ड आणि वायफाय निवडून झाल्यावर तो थोडा वेळ घेतो, कधी स्वतःहून पुन्हा सुरू होतो, आणि मग कंपनीचे नाव असलेल्या पडद्यावर थेट कार्यालयीन खात्याने साइन-इन करायला सांगतो. हा लॅपटॉप वैयक्तिक वापरासाठी आहे का, हा प्रश्न तो विचारत नाही. यापेक्षा वेगळे काही दिसले तर ते लक्षण समजावे आणि पुढीलपैकी नेमके कोणते आहे ते ओळखावे, कारण प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

सर्वात जास्त आढळणारे लक्षण म्हणजे वैयक्तिक वापर आणि कार्यालय किंवा शाळा असे दोन पर्याय देणारा पडदा. तो दिसला याचा अर्थ एकतर ऑटोपायलट सेवेला हा लॅपटॉप ठाऊक नाही, किंवा ठाऊक असूनही त्याच्यापर्यंत प्रोफाइल, म्हणजे कंपनीने ठरवलेली सेटअपची मांडणी, पोहोचलेले नाही.

दुसरे लक्षण अधिक फसवे आहे. कर्मचाऱ्याने त्याच पडद्यावर कार्यालयाचा पर्याय निवडला, कंपनीच्या खात्याने साइन-इन केले आणि सारे सुरळीत झाल्यासारखे वाटले. लॅपटॉप इंट्यूनमध्ये दिसतोही. पण त्याचे नाव कंपनीच्या पद्धतीचे नसते, आणि कर्मचारी स्वतःच्या लॅपटॉपचा स्थानिक प्रशासक होऊन बसलेला असतो, कारण एन्ट्रामध्ये (कंपनीची खाती आणि यंत्रे नोंदवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेत) वेगळी मांडणी केली नसेल तर जोडणी करणाऱ्याला तो अधिकार आपोआप मिळतो. असे लॅपटॉप महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाहीत.

तिसऱ्या प्रकारात सेटअप मध्येच थांबतो आणि ८०१८००१४, ८०१८००१८, ८०१सी०००३ किंवा ८०१सी०३एफ३ असा क्रमांक दाखवतो. चौथ्या प्रकारात कर्मचाऱ्याने स्थानिक खाते उघडून काम सुरू केलेले असते आणि लॅपटॉपचा कोठेच मागमूस नसतो. पाचवा प्रकार विरळा पण गंभीर आहे : साइन-इनच्या पडद्यावर दुसऱ्याच कंपनीचे नाव येते.

तपासणीआधी हे समजून घ्यावे

ऑटोपायलट हे लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये बसवलेले कुलूप नाही. विंडोजचा पहिला सेटअप इंटरनेटशी जोडला गेला की लॅपटॉप आपली हार्डवेअर ओळख मायक्रोसॉफ्टच्या सेवेला कळवतो. त्या ओळखीसमोर एखाद्या कंपनीची नोंद असेल तर सेवा त्या कंपनीचे प्रोफाइल पाठवते, आणि नसेल तर सेटअप घरगुती लॅपटॉपसारखा पुढे जातो. सोसायटीच्या फाटकावरच्या रखवालदाराकडे आज येणाऱ्या कामगारांची यादीच पोहोचली नसेल, तर तो कितीही दक्ष असला तरी उपयोग होत नाही, तसे हे आहे. म्हणून लॅपटॉप पुन्हा पुन्हा रिसेट करण्यात दिवस घालवण्याआधी यादीत त्याचे नाव आहे का, ते पाहावे. नोंद नसलेला लॅपटॉप कितीही वेळा रिसेट केला तरी तोच पडदा दाखवणार.

१. कर्मचाऱ्याला थांबवावे आणि छायाचित्र मागवावे

ही तपासणी एका फोनमध्ये होते. कर्मचाऱ्याला आहे त्याच पडद्यावर थांबायला सांगावे, पडद्याचे आणि लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या सिरियल नंबरचे छायाचित्र पाठवायला सांगावे, आणि आपण कळवेपर्यंत कोणताही पर्याय निवडू नये असे स्पष्ट बजावावे. सेटअप पूर्ण होण्याआधी सापडलेला दोष बहुतेक वेळा केवळ पुन्हा सुरू करून सुटतो. सेटअप पूर्ण झाल्यावर तोच दोष संपूर्ण रिसेट मागतो. सिरियल नंबर तोंडी घेऊ नये, कारण इंग्रजी ओ आणि शून्य, किंवा आय आणि एक यांची गल्लत फोनवर हमखास होते.

याच वेळी बीजकावर विंडोजची कोणती आवृत्ती लिहिली आहे ते पाहावे. होम आवृत्तीवर ऑटोपायलट चालत नाही. त्याला प्रो, एंटरप्राइझ किंवा एज्युकेशन लागते. नेहमीच्या पुरवठादाराकडे माल नसल्यामुळे घाईत दुकानातून घेतलेले लॅपटॉप बहुधा होम आवृत्तीचे असतात, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपल्यानंतर अशी घाईची खरेदी पुष्कळ झाली. आवृत्ती होम असेल तर पुढचे काहीही तपासण्यात अर्थ नाही. आधी प्रो आवृत्तीचा परवाना घ्यावा, आवृत्ती बदलावी आणि मगच नोंदीकडे वळावे.

मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या प्रशासन केंद्रातले सेवास्थितीचे पान याच टप्प्यावर उघडावे. इंट्यूनमध्येच अडथळा जाहीर झालेला असेल, तर आपण केलेला प्रत्येक बदल नंतर गोंधळ वाढवतो.

२. सिरियल नंबर ऑटोपायलटच्या यादीत आहे का

इंट्यूनमध्ये डिव्हायसेस, एनरोलमेंट, विंडोज आणि त्याखाली ऑटोपायलट डिव्हायसेस या क्रमाने गेल्यावर नोंदवलेल्या लॅपटॉपची यादी मिळते. सर्वसाधारण डिव्हायसेसची यादी वेगळी आहे, आणि नवे सहकारी बऱ्याचदा तिथेच शोधत बसतात. तिथे केवळ एनरोल झालेले लॅपटॉप येतात. आपल्याला हवी ती एनरोलमेंटच्या आधीची नोंद.

सिरियल नंबर तिथे नसेल तर कारण सापडले, आणि ते खरेदीच्या व्यवहारात आहे. ऑटोपायलटची नोंद करण्याचा सर्वात स्वच्छ मार्ग म्हणजे ती उत्पादकाने किंवा अधिकृत पुरवठादाराने माल पाठवण्यापूर्वी करणे. त्यांना निर्माता, मॉडेल आणि सिरियल नंबर एवढ्यावर नोंद करता येते, त्यामुळे खोके उघडावे लागत नाही. पण ही सेवा मागितल्याशिवाय मिळत नाही. खरेदी आदेशात ती स्वतंत्र ओळ म्हणून लिहिलेली असावी, आणि कोणत्या टेनंटमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या सेवेतल्या कंपनीच्या स्वतंत्र जागेत) नोंद करायची तेही त्यात असावे. पुरवठादार बदलल्यानंतर हा दोष उफाळतो, कारण नव्या पुरवठादाराला आपल्या वतीने नोंद करण्याची संमती कंपनीच्या जागतिक प्रशासकाने एकदा द्यावी लागते, आणि खरेदी विभागाला त्याची कल्पना नसते. ही संमती देताना त्यासोबत पुरवठादाराला टेनंटच्या व्यवस्थापनाचे अधिकार देण्याची गरज नाही. नोंदीसाठी ते अधिकार लागत नाहीत, म्हणून ते देऊही नयेत.

पुरवठादाराकडून नोंद होईपर्यंत थांबता येत नसेल तर हार्डवेअर हॅश, म्हणजे लॅपटॉपच्या हार्डवेअर ओळखीचा सांकेतिक मजकूर, स्वतः गोळा करावा लागतो. लॅपटॉप आपल्या हातात असेल तर सेटअपच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबून आदेशाची खिडकी उघडावी आणि ‘गेट-विंडोजऑटोपायलटइन्फो’ ही पॉवरशेल स्क्रिप्ट चालवावी. तिचा ऑनलाइन पर्याय नोंद थेट टेनंटमध्ये पाठवतो. त्यासाठी त्या लॅपटॉपवर प्रशासकाचे साइन-इन लागते, म्हणून हे काम घरी बसलेल्या कर्मचाऱ्याकडून करून घेऊ नये आणि त्याला फोनवर प्रशासकाचा पासवर्ड तर मुळीच सांगू नये. दूरच्या कर्मचाऱ्यासाठी सोपा मार्ग असा : विंडोज ११ च्या सेटअपमध्ये साइन-इनच्या पडद्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि डी एकत्र दाबल्यास निदानाचे पान उघडते, आणि तिथून लॉग पेनड्राइव्हवर काढता येतात. हॅशची फाइल त्यातच असते.

हॅशची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडून जतन करू नये. एक्सेल सिरियल नंबरच्या सुरुवातीची शून्ये काढून टाकते, मोठ्या आकड्यांचे रूप बदलते, आणि मग आयात फसते किंवा, त्याहून वाईट, चुकीच्या नंबराने यशस्वी होते. दुरुस्ती करायचीच असेल तर नोटपॅड वापरावे. एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०० ओळी चालतात.

३. नोंद आहे, पण प्रोफाइल लागले आहे का

माझ्या अनुभवात सर्वात जास्त वेळ इथे जातो, आणि सर्वात जास्त दोषही इथेच सापडतात. यादीत लॅपटॉप दिसला की काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात त्याच ओळीतला प्रोफाइलच्या स्थितीचा रकाना महत्त्वाचा असतो. तिथे ‘असाइन्ड’ असे दिसेपर्यंत लॅपटॉपला इंटरनेटशी जोडू नये. जोडला तर सेवा त्याला ओळखेल, पण देण्याजोगे प्रोफाइल तिच्याकडे नसेल, आणि लॅपटॉप ते रिकामे उत्तर जपून ठेवून घरगुती सेटअपकडे वळेल. मागाहून प्रोफाइल लागले तरी तो पडदा आपोआप बदलत नाही. अशा वेळी सेटअप पुढे न नेता लॅपटॉप पुन्हा सुरू करावा, आणि तेवढ्याने भागले नाही तरच रिसेट करावा.

प्रोफाइल का लागले नाही, याची कारणे साधी असतात. बहुतेक कंपन्या प्रोफाइल एका डायनॅमिक (नियमानुसार सदस्य आपोआप ठरणाऱ्या) ग्रुपला जोडतात आणि त्या ग्रुपचा नियम लॅपटॉपच्या झेडटीडीआयडी या खुणेवर किंवा पुरवठादाराने लावलेल्या ग्रुप टॅगवर चालतो. ग्रुप टॅग हाताने टंकलेला असतो. नियमात एक नाव आणि पुरवठादाराच्या फाइलमध्ये एखादे अक्षर किंवा आडवी रेघ वेगळी, एवढ्या फरकाने शंभर लॅपटॉपची सबंध खेप ग्रुपच्या बाहेर राहते, आणि कोठेही लाल अक्षरात काही दिसत नाही. टॅग यादीतून बघून न वाचता तो उचलून नियमातल्या मजकुरावर चिकटवून जुळवावा, कारण शेवटी राहिलेली रिकामी जागा डोळ्यांना दिसत नाही.

दुसरे कारण म्हणजे प्रोफाइल वापरकर्त्यांच्या ग्रुपला जोडलेले असणे. ते लॅपटॉपच्या ग्रुपलाच जोडावे लागते, कारण प्रोफाइल ठरवण्याच्या क्षणी अजून कोणीही साइन-इन केलेले नसते. सेवेसमोर फक्त यंत्र असते. तिसरे, एकच लॅपटॉप दोन ग्रुपमध्ये असेल आणि दोन्हींना वेगवेगळी प्रोफाइल जोडलेली असतील, तर आधी तयार केलेले जुने प्रोफाइल लागते. चाचणीसाठी बनवून विसरलेले प्रोफाइल असे अचानक पुढे येते, म्हणून जुनी प्रोफाइल कोणत्या ग्रुपला जोडलेली आहेत हे अधूनमधून पाहावे.

वरचे सारे बरोबर असेल, तर फक्त वाट पाहावी. डायनॅमिक ग्रुपची सदस्यता बदलायला आणि त्यानंतर प्रोफाइल लागायला वेळ लागतो. या काळात नोंद काढून पुन्हा करणे हा आततायीपणा ठरतो, कारण सारी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

४. नेटवर्क आणि घड्याळ

प्रोफाइल लागलेले आहे आणि तरीही घरगुती पडदा येतो, तेव्हा लॅपटॉप सेवेपर्यंत पोहोचत आहे का ते पाहावे. सर्वात स्वस्त चाचणी म्हणजे कार्यालयाचे वायफाय सोडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप पुन्हा सुरू करणे. हॉटस्पॉटवर कंपनीचे नाव आले, तर दोष कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये आहे हे निश्चित झाले. बहुधा पाहुण्यांच्या वायफायवरचे लॉगिनचे पान, प्रॉक्सी, किंवा सुरक्षित वाहतूक उघडून तपासणारी फायरवॉल यांपैकी काहीतरी आड येत असते. मायक्रोसॉफ्टच्या नोंदणी आणि साइन-इनच्या पत्त्यांना या तपासणीतून वगळावे लागते, आणि ते काम नेटवर्क विभागाचे आहे.

घड्याळाकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. गोदामात पडून राहिलेल्या लॅपटॉपची बॅटरी पूर्ण उतरली की तारीख मागे जाऊ शकते, आणि तारीख चुकीची असली की सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र अवैध ठरते. लॅपटॉप वायफायशी जोडलेला दिसतो, पण सेवेशी बोलू शकत नाही. बायोसमध्ये तारीख पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे. कार्यालयाच्या नेटवर्कवर वेळ जुळवण्यासाठी लागणारे यूडीपी १२३ हे पोर्ट बंद असल्यासही हाच परिणाम होतो.

५. खाते, परवाना आणि अटी

कंपनीचे नाव आले, साइन-इनही झाले आणि त्यानंतर त्रुटी आली, तर लॅपटॉपला सोडून खात्याकडे पाहावे. ८०१८००१८ आल्यास त्या कर्मचाऱ्याला इंट्यूनचा परवाना दिला आहे का ते पाहावे. नव्या माणसाच्या बाबतीत खाते उघडलेले असते, पण परवाना रुजू होण्याच्या दिवशी द्यायचा म्हणून राहून जातो. ८०१सी०००३ आल्यास त्याला एन्ट्रामध्ये लॅपटॉप जोडण्याची परवानगी आहे का आणि त्याची यंत्रसंख्येची मर्यादा संपली आहे का ते पाहावे. एन्ट्रामध्ये ही मर्यादा मुळात माणशी ५० असते, आणि मदतकक्षातले एकच खाते वापरून सगळे लॅपटॉप जोडणाऱ्या कार्यालयात ती संपते. स्वयंचलित एनरोलमेंटची व्याप्ती ‘नन’ असेल किंवा हा कर्मचारी तिच्या ग्रुपमध्ये नसेल, तर लॅपटॉप एन्ट्रामध्ये जाईल पण इंट्यूनमध्ये येणार नाही.

कंडिशनल अॅक्सेसचा, म्हणजे अटी घालून प्रवेश देणाऱ्या नियमांचा, एक गुंता नेहमी भेटतो. नियमांचे पालन करणाऱ्या लॅपटॉपवरूनच प्रवेश द्यावा, अशी अट सर्व अॅपना लावली तर नवा लॅपटॉप अडकू शकतो, कारण पालन करण्यासाठी त्याला आधी एनरोल व्हावे लागते आणि एनरोल होण्यासाठी प्रवेश लागतो. इंट्यूनच्या एनरोलमेंटचे अॅप त्या अटीतून वगळावे. नव्या कर्मचाऱ्याकडे दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीसाठी अजून काही नोंदवलेले नसेल, तर त्याला मुदतीचा टेम्पररी अॅक्सेस पास द्यावा. पडताळणीची अटच त्याच्यापुरती शिथिल करू नये.

६. ८०१८००१४ आणि एनरोलमेंटची खरी सक्ती

या त्रुटीला घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा ती आपल्याच कुंपणाने नीट काम केल्याची खूण असते. इंट्यूनमध्ये वैयक्तिक मालकीच्या विंडोज यंत्रांना मनाई केली असेल, तर ऑटोपायलटमध्ये नोंद नसलेला लॅपटॉप कार्यालयीन खात्याने सेटअप करू पाहणाऱ्याला हीच त्रुटी मिळते. अशा वेळी काही जण मनाई उठवून तो एक लॅपटॉप आत घेतात. तसे करू नये. मनाई तशीच ठेवून लॅपटॉपची नोंद करावी, म्हणजे तो योग्य दाराने येईल.

त्रुटीचे दुसरे कारण वेगळे आहे. वापरकर्त्याशिवाय स्वतःहून सेटअप होणाऱ्या किंवा पुरवठादाराकडे आधीच तयार केलेल्या पद्धतीचा लॅपटॉप एकदा एनरोल झाल्यावर रिसेट करून दुसऱ्याला दिला, तर तो पुन्हा आपोआप एनरोल होऊ दिला जात नाही. ऑटोपायलट डिव्हायसेसमध्ये तो निवडून ‘अनब्लॉक’ केले की मार्ग मोकळा होतो.

सक्तीचे दुसरे अंग म्हणजे सेटअपमध्ये नेटवर्क जोडण्याची पायरी टाळता न येणे. टेनंट लॉकडाउन या गटातली ‘रिक्वायर नेटवर्क इन ओओबीई’ ही मांडणी इंट्यूनमधून लावली, तर रिसेटनंतर नेटवर्क निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि लॅपटॉप पुन्हा कंपनीकडेच येतो. मात्र ही मांडणी इंट्यूनमधून येते, म्हणजे एकदा तरी एनरोल झालेल्या लॅपटॉपवरच ती काम करते. अगदी पहिल्या सेटअपला तिची मदत होत नाही. पहिल्या वेळचा खरा आधार तीन गोष्टींचा आहे : पुरवठादाराकडून आलेली नोंद, वैयक्तिक यंत्रांना मनाई, आणि नियम न पाळणाऱ्या लॅपटॉपवर कंपनीचा मेल व फाइल उघडू न देणारी अट. यांपैकी तिसरी सर्वात उपयोगी आहे, कारण पहिल्या दोन्ही चुकल्या तरी कर्मचारी काम सुरू करू शकत नाही आणि स्वतःहून फोन करतो.

२०२४ मध्ये आलेल्या ऑटोपायलट डिव्हाइस प्रिपरेशन या नव्या पद्धतीत हॅश लागत नाही, म्हणून अनेकांना ती सोपी वाटते. पण तिथे साइन-इन होईपर्यंत लॅपटॉपला आपली कंपनी ठाऊक नसते. पहिल्याच पडद्यापासून सक्ती हवी असेल तर नोंदीची जुनी पद्धत सोडू नये.

७. सेटअप आधीच होऊन गेलेला लॅपटॉप

स्थानिक खाते उघडून काम सुरू झाले असेल, तर सेटिंग्जमधून कार्यालयीन खाते जोडून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. मी त्याला ठाम विरोध करतो. लॅपटॉप यादीत येतो खरा, पण कर्मचाऱ्याने तयार केलेले प्रशासकाचे खाते, त्याने बसवलेली सॉफ्टवेअर आणि त्याचे वैयक्तिक क्लाउड खाते तसेच मागे राहते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाची वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ग्राहकांची माहिती असलेला आणि दूरवरून पुसता न येणारा लॅपटॉप बाहेर फिरत ठेवणे परवडणारे नाही. कामाच्या फाइल बाहेर काढाव्यात, नोंद करावी, प्रोफाइल लागेपर्यंत थांबावे आणि लॅपटॉप पूर्ण रिसेट करावा.

लॅपटॉप इंट्यूनमध्ये आहे पण ऑटोपायलटमध्ये नाही, म्हणजे वर सांगितलेले दुसरे लक्षण, तर घाई करण्याची गरज नाही. प्रोफाइलमध्ये लक्ष्य गटातली सर्व यंत्रे ऑटोपायलटमध्ये घेण्याचा पर्याय आहे. तो चालू केल्यावर नोंद व्हायला ४८ तासांपर्यंत वेळ द्यावा. प्रोफाइलचा परिणाम मात्र पुढच्या रिसेटलाच दिसतो, तोपर्यंत स्थानिक प्रशासकाचा अधिकार वेगळ्या धोरणाने काढून घ्यावा.

८. पुसलेली नोंद आणि बदललेला मदरबोर्ड

८०१सी०३एफ३ ही त्रुटी एन्ट्रामधली लॅपटॉपची नोंद कोणीतरी हाताने पुसल्यावर येते. जुनी यंत्रे साफ करताना कधीच साइन-इन न झालेल्या नोंदी निरुपयोगी समजून काढल्या जातात, आणि त्यांत गोदामातल्या नव्या लॅपटॉपच्या नोंदीही जातात. यावर एकच उपाय आहे : इंट्यूनमधली, मग ऑटोपायलटमधली आणि शेवटी एन्ट्रामध्ये काही उरले असेल तर तिथली नोंद काढावी, आणि लॅपटॉप नव्याने नोंदवावा.

मदरबोर्ड बदलला की हार्डवेअर हॅश बदलतो आणि जुनी नोंद त्या लॅपटॉपची राहत नाही. यादीत ‘फिक्स पेंडिंग’ दिसले तर सेवा बदल ओळखून नवी नोंद करण्याचा प्रयत्न करत आहे; ‘अटेन्शन रिक्वायर्ड’ दिसले तर नोंद आपल्यालाच करावी लागेल. दुरुस्तीला पाठवण्यापूर्वी नोंद काढावी आणि परत आल्यावर नवा हॅश घेऊन ती करावी, हा नियम सेवाकेंद्राच्या चलनावरच छापून घेतल्यास पुढचा त्रास वाचतो.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

आयात करताना ८०८ हा क्रमांक आला, किंवा साइन-इनच्या पडद्यावर दुसऱ्या कंपनीचे नाव आले, तर लगेच थांबावे. तो लॅपटॉप किंवा त्यात बसवलेला मदरबोर्ड दुसऱ्या टेनंटमध्ये नोंदवलेला आहे. भाड्याने आलेल्या, नूतनीकरण करून विकलेल्या आणि दुरुस्तीत जुना बोर्ड बसवलेल्या लॅपटॉपमध्ये असे होते. आपल्या टेनंटमधून तो सोडवता येत नाही. आधीच्या मालकाने नोंद काढली पाहिजे, आणि तो सापडत नसेल तर खरेदीचा पुरावा घेऊन उत्पादकाकडे किंवा मायक्रोसॉफ्टच्या साहाय्य विभागाकडे जावे. नेटवर्क टाळून तो लॅपटॉप वापरात आणू नये, कारण पुढच्या कोणत्याही रिसेटला तो परक्या कंपनीच्या ताब्यात जाऊ शकतो. आयातीत ८०६ आला, तर मात्र त्या लॅपटॉपची नोंद आधीच झालेली आहे. यादीत पुन्हा शोधावे.

वापरकर्त्याशिवाय होणाऱ्या सेटअपमध्ये ८०१सी०३ईए आला, तर टीपीएम या सुरक्षा चिपची पडताळणी फसलेली आहे. उत्पादकाचे ताजे फर्मवेअर घालून आणि नेटवर्क बदलून एकदा पाहावे. तरीही तेच घडले तर लॅपटॉप वॉरंटीत उत्पादकाला द्यावा, स्वतः खोलू नये. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे, त्याची किल्ली कोठेच जतन झालेली नाही आणि आत कामाचा डेटा आहे, अशा स्थितीत रिसेटचे बटण दाबू नये. आधी डेटा काढण्याचा निर्णय संबंधित विभागप्रमुखाकडून लेखी घ्यावा आणि गरज असल्यास डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाला बोलवावे. कंडिशनल अॅक्सेस आणि फायरवॉलमधले बदलही अधिकार नसताना अंदाजाने करू नयेत, कारण त्यांचा परिणाम एका लॅपटॉपपुरता राहत नाही.

तज्ज्ञाकडे किंवा साहाय्य विभागाकडे जाताना सिरियल नंबर, पडद्याचे छायाचित्र, त्रुटी आल्याची वेळ, बीजकाची प्रत, ऑटोपायलटच्या यादीतली त्या लॅपटॉपची ओळ आणि एमडीएम डायग्नॉस्टिक्स टूलने ऑटोपायलट व टीपीएम या दोन्ही विभागांसाठी काढलेली कॅब फाइल सोबत द्यावी. ही फाइल रिसेटच्या आधी काढावी लागते. रिसेटनंतर आधीच्या प्रयत्नाचे लॉग उरत नाहीत.